सोल्डरिंगचा माझा अनुभव: झीरो पीसीबीवर पहिला ५५५

पुण्याच्या तापकीर गल्लीतून सामान आणलं: २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० ची (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) सोल्डर वायर, झीरो पीसीबी (नुसती भोकं आणि तांब्याचे ठिपके असलेली पाटी) आणि ५५५ टायमरचे (ठराविक वेळाने सिग्नल देणाऱ्या आयसीचे, म्हणजे चिपचे) सुटे भाग. सेकंदाला साधारण एकदा एलईडी लुकलुकला पाहिजे, एवढंच ठरवलं होतं. दुकानदाराने न मागता आठ पायांचा आयसी बेस (ज्यात आयसी खोचून बसवतात तो सॉकेट) पुढे केला. बेस सोल्डर करायचा, आयसी शेवटी बसवायचा. म्हणजे आयसीला उष्णता लागतच नाही.

नवं आयर्न तापताच बिटवर, म्हणजे त्याच्या टोकावर, सोल्डर चढवून घेतलं. बिट पॉलिश पेपरने घासायची नाही, ओल्या स्पंजवर पुसायची. चांगल्या बिटच्या तांब्यावर लोखंडाचा मुलामा असतो. तो गेला की तांबं सोल्डरमध्ये विरघळू लागतं.

सगळ्यात जास्त वेळ एकाच गोष्टीवर गेला. मन म्हणतं, वायर बिटवर वितळवावी आणि थेंब जोडावर ठेवावा. तसं केलं तर वायरच्या पोटातलं फ्लक्स (धातू साफ करून सोल्डर धरायला मदत करणारा पदार्थ) वाटेतच जळून जातं आणि वर नुसती गोळी बसते. बिट पॅडला (पाटीवरच्या तांब्याच्या ठिपक्याला) आणि भागाच्या पायाला एकदम टेकवायची, क्षणभर थांबायचं, मग वायर समोरच्या बाजूने जोडाला लावायची. जोड तापला असेल तर सोल्डर आपणहून पायाभोवती पसरतं. आधी वायर काढायची, मग आयर्न. ६०/४० चं सोल्डर १८३ ते साधारण १९० अंशांच्या मधे अर्धवट घट्ट असतं. तेवढ्यात पाय हलला की ड्राय सोल्डर (दिसायला जोडलेला, पण वीज नीट न जाणारा जोड) झालंच म्हणून समजा.

ड्रॉवरमधल्या जुन्या रेझिस्टरचे पाय काळवंडले होते. त्यांना सोल्डर धरेना. ब्लेडने खरवडल्यावर लगेच धरलं. नवशिके हात थरथरतो म्हणून घाबरतात. मला तरी पायांची स्वच्छता हातापेक्षा महत्त्वाची वाटते. आणि छताचा पंखा बंद ठेवावा, छोट्या आयर्नला तो जोड तापू देत नाही. खिडकी मात्र उघडी हवी. धूर शिशाचा नसतो, फ्लक्समधल्या राळेचा असतो. तरी छातीत जायला नको. शिसं हाताला लागतं, म्हणून काम झालं की साबणाने हात धुवायचे.

आधी बुटके भाग, मग उंच: रेझिस्टर, बेस, कपॅसिटर, एलईडी. रेझिस्टरचे कापलेले पाय टाकले नाहीत, २ आणि ६, ४ आणि ८ नंबरच्या पिना जोडायला तेच वापरले. बेसच्या दोन शेजारच्या पिनांमध्ये सोल्डरचा पूल झाला होता. मल्टिमीटरच्या बझरने (दोन टोकं जोडलेली असली की तो वाजतो) तो सापडला, तांब्याच्या विकने (विणलेल्या पट्टीने) शोषून घेतला.

मग आयसी खाचेची बाजू बघून बसवला आणि ९ व्होल्टची बॅटरी लावली. १ के आणि ६८ के (किलोओहम) चे रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, हिशोबाने १.०५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला साधारण एकदा. एलईडी जवळपास त्याच ठेक्यात लुकलुकतोय. आता ६८ के च्या जागी प्रीसेट (फिरवून किंमत बदलता येणारा रेझिस्टर) लावून वेग बदलता येतो का बघायचंय.