खोली झाडण्याची परीक्षा

आठवीत ‘संस्कृत की टेक्निकल’ हे लिहून द्यायचा फॉर्म घरी आला, तोवर माझं ठरून गेलं होतं. एका शिक्षकांनी वर्गातच मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून सांगितलं होतं, “तुला काय करायचंय संस्कृत? टेक्निकलला जा, हाताला काम लागेल.” ते आता नाहीत, म्हणून नाव घेत नाही. वडिलांनाही ते पटलं. मग मी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दाखल झालो.

त्या शेडमध्ये उन्हाळ्यात उभं राहवत नसे आणि पावसाळ्यात बोललेलं ऐकू येत नसे. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये पकडून कानस मारत बसायचं. वर्कशॉपचे सर कधी रागावले नाहीत. जॉब घेऊन गेलो की ते गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, लावायचे, खिडकीकडे धरायचे आणि एक डोळा मिटून म्हणायचे, “उजेड दिसतोय.” एवढंच. म्हणजे फट आहे, जॉब अजून सरळ झालेला नाही. मग परत व्हाइस, परत कानस. पहिला जॉब मी पाच वेळा परत नेला.

१९८४ साली नववीत वक्तृत्व स्पर्धेसाठी मी बुकर टी. वॉशिंग्टन हा विषय घेतला. वाचनाच्या तासाला बाई आम्हाला वीणा गवाणकरांनी सांगितलेली कार्व्हर या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाची गोष्ट वाचून दाखवत. कार्व्हरला अलाबामातल्या टस्कीगीच्या शाळेत शिकवायला बोलावून घेणारा हा माणूस कोण, एवढं कुतूहल मला पुरलं. बाकीचं बाईंनीच कुठून कुठून गोळा करून दिलं.

वॉशिंग्टन यांचा जन्म १८५६ चा, व्हर्जिनियातला, गुलामीतला. १८७२ साली हा पोरगा कधी गाडीने, कधी पायी, असा सुमारे ५०० मैल काढून हॅम्प्टनच्या शाळेत पोचला. अंगावर मळके कपडे. मुख्य शिक्षिकेने कितीतरी वेळ त्याला घेतलंही नाही आणि घालवलंही नाही. शेवटी म्हणाली, शेजारची खोली झाडून काढ. त्याने ती तीनदा झाडली आणि चारदा पुसली. बाईंनी येऊन रुमाल काढला, भिंतीवरून आणि बाकांवरून फिरवला. रुमालाला धूळ लागली नाही. मिळाला प्रवेश.

हे वाचलं आणि मला आमचा गुण्या दिसला. भाषणात मी रुमालच फिरवून दाखवला होता (आईचा, कडेला भरतकाम केलेला). पुढचंही सगळं घोकलेलं होतं. १८८१ च्या ४ जुलैला टस्कीगीत तीसेक विद्यार्थ्यांवर शाळा सुरू झाली. जागा मोडकी, पाऊस आला की एक मुलगा उठून मास्तरांच्या डोक्यावर छत्री धरायचा. इमारतीला विटा हव्यात म्हणून मुलांनीच भट्टी लावली. ती फसली. दुसरी फसली, तिसरीही फसली. पैसे संपले तेव्हा वॉशिंग्टन यांनी स्वतःचं घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकलं, आणि चौथी भट्टी लागली. मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. तो अजून आहे.

डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस हे नाव मात्र मी चाळिशी उलटल्यावर ऐकलं. तोवर भोसरीच्या एका टूलरूममध्ये माझी बरीच वर्षं गेली होती. मुलगी अटलांटाला शिकायला गेली, तिच्या अभ्यासात हे गृहस्थ होते. तिने फोनवर विचारलं, “बाबा, तुमचा तो विटांवाला हिरो माहीत आहे ना? त्याला एकाने चांगलंच धरलंय.” मला राग आला, खरं सांगतो.

डु बॉइस १८६८ चे, मॅसॅच्युसेट्समधले, गुलामी संपल्यावर जन्मलेले. १८९५ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय. पण माझा राग निवला तो त्यांच्या पदवीमुळे नाही, खुर्चीमुळे. कॉलेजात असताना सुट्टीत ते टेनेसीच्या खेड्यात लाकडी ओंडक्यांच्या खोपटात शाळा चालवत. मुलांना खडबडीत फळ्यांचे बाक. मास्तरांची खुर्ची घरमालकिणीकडून उसनी आणलेली, ती रोज संध्याकाळी परत न्यायची. एकाच्या डोक्यावर छत्री, दुसऱ्याची खुर्ची उसनी. दोघेही गळक्या शाळांचे मास्तर.

मग बिनसलं कुठे? १८ सप्टेंबर १८९५ ला अटलांटाच्या प्रदर्शनात वॉशिंग्टन यांनी भाषण केलं. जिथे आहात तिथेच बादली सोडा, म्हणजे दक्षिणेतच राहा, हातात कसब आणा, पैसा जोडा, हक्कांची घाई नको, असा त्याचा सूर. सामाजिक बाबतीत आपण बोटांसारखे वेगळे राहू आणि प्रगतीच्या कामात हातासारखे एक, हे त्यांचं वाक्य गोऱ्यांना फारच आवडलं. लोक विसरतात, पण त्या वेळी डु बॉइस यांनीही अभिनंदन कळवलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी तर टस्कीगीने त्यांना गणित शिकवायला बोलावलं होतं. तार उशिरा पोचली, तोवर त्यांनी दुसरीकडे होकार दिला होता.

१८९९ साली डु बॉइस अटलांटात प्राध्यापक होते. जॉर्जियातल्या सॅम होझ नावाच्या कृष्णवर्णीय मजुराचं प्रकरण तापलेलं होतं, म्हणून ते शांतपणे, पुराव्यानिशी लिहिलेलं पत्र घेऊन वर्तमानपत्राच्या कचेरीकडे निघाले. वाटेत कळलं की जमावाने होझला जाळून मारलंय, आणि त्याच्या बोटांची पेरं पुढे एका किराणा दुकानात मांडून ठेवली आहेत. ते माघारी फिरले. चार वर्षांपूर्वी याच शहरात बोटांची आणि हाताची उपमा देऊन कोणी टाळ्या घेतल्या होत्या, हे त्यांच्या मनात आलं असेल का, कोण जाणे. माझ्या मात्र आलं. १९०३ मध्ये त्यांनी उघड लिहिलं की मताचा हक्क, नागरी समता आणि हुशार मुलांना उच्च शिक्षण हे सोडून देऊन मिळवलेलं कसब टिकणार नाही. कारागिराच्या हातात मत नसेल तर त्याने स्वतःच्या जिवाचं आणि मालमत्तेचं रक्षण कसं करायचं?

मुलगी म्हणाली, बाजू घ्या. टूलरूमवाला माणूस, मी वॉशिंग्टनचीच घेतली. अलाबामात, चारी बाजूंनी बंदुका असताना, गोऱ्या देणगीदारांच्या पैशावर शाळा उभी करायची तर जीभ सांभाळावीच लागते. मॅसॅच्युसेट्सच्या माणसाला ते काय कळणार! मग तिने सांगितलं की अलाबामाने १९०१ च्या राज्यघटनेने कृष्णवर्णीयांचं मत काढून घेतलं, त्याविरुद्ध माँटगोमेरीच्या जॅक्सन गाइल्स यांनी लढवलेल्या खटल्याचा खर्च गुपचूप वॉशिंग्टनच करत होते. १९०३ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात हरला. म्हणजे मत नसेल तर काय होतं हे त्यांनाही चांगलं ठाऊक होतं. फक्त बोलायचं नव्हतं. तिथे माझा वकिली आवेश जरा उतरला.

आणि पुढचं वाचून तर पुरताच. १९५७ साली, वॉशिंग्टन जाऊन ४२ वर्षं झाल्यावर, अलाबामाच्या विधिमंडळाने टस्कीगी गावाची चौकोनी हद्द बदलून २८ कोनांची वेडीवाकडी करून टाकली. चारशेच्या आसपास कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे हद्दीबाहेर. टस्कीगीच्या प्राध्यापकांनाही आधीपासून मतदार नोंदणीसाठी खेटे घालायला लावत. रुमालाला धूळ लागत नव्हती, तरी प्रवेश नव्हता. शेवटी त्याच संस्थेतले प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन न्यायालयात गेले आणि १९६० मध्ये जिंकले.

मुलीने आणखी एक दाखवलं. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. डु बॉइस यांनी आपुलकीचं उत्तर पाठवलं. ते वाचल्यावर मी पहिल्यांदाच आमच्या आठवीच्या टेक्निकलच्या यादीतली आडनावं आठवून पाहिली. संस्कृतच्या यादीतलीही आठवली. सांगायला नको.

मुलगी मला टस्कीगीला घेऊन गेली, अटलांटाहून गाडीने दोनेक तास. आवारात १९२२ चा पुतळा आहे. वॉशिंग्टन उभे आहेत, खाली बसलेल्या माणसावरचं वस्त्र त्यांनी हातात धरलंय. ते अज्ञानाचा पडदा उचलताहेत असं खाली कोरलंय. पण उचलताहेत की पांघरताहेत, अशी शंका घेणारेही पुष्कळ. मी भोवती दोन चकरा मारल्या. सकाळच्या बाजूने उचलल्यासारखं वाटलं, मागून पाहिलं तर खात्री देता येईना. विटांच्या इमारतींपाशी मात्र मी बराच वेळ रेंगाळलो. सांधे बघण्यासारखे आहेत.

गेल्या डिसेंबरच्या मेळाव्यात वर्कशॉपचे सर भेटले. वय झालंय, कान गेलेत. हे सगळं त्यांना मोठ्याने सांगून झालं. त्यांनी किती ऐकलं कोण जाणे. म्हणाले, “तुला टेक्निकलला घालू नका, असं मी तेव्हा त्यांना म्हणालो होतो. तुझं गणित चांगलं होतं.” हे मला चाळीस वर्षांनी कळत होतं. मग त्यांनी शेडमधलं कपाट उघडायला लावलं. आमच्या बॅचच्या हातोड्या अजून तिथे आहेत, रोल नंबर ठोकलेल्या. माझी त्यांनी बरोबर शोधली, धोतराच्या सोग्याने पुसली, गुण्या लावला आणि खिडकीकडे धरली.

“उजेड दिसतोय,” म्हणाले.