सागवानी टेबल, दोन रंग: आठव्या आठवड्याची नोंद

काल संध्याकाळी दोन रंगांमधली कड सरळ यावी म्हणून लावलेली शेवटची टेप काढली. वरची फळी आणि दोन्ही ड्रॉवरची तोंडं अक्रोडी, बाकी सांगाडा आणि पाय मोतिया. दोन्ही रंग भेटतात तिथली रेघ टेबलाच्या चार फूट लांबीत कुठेही फुटलेली नाही. ती रेघ बघूनच लिहायला बसले. असंच काम ज्यांनी हातात घेतलंय, त्यांचे निदान रंगाचे दोन हात तरी वाया जाऊ नयेत.

टेबल पुण्याच्या जुन्या बाजारातून फेब्रुवारीत आणलं. वर काळपट ऑइल पेंटचे इतके थर होते की लाकूड कोणतं ते कळतच नव्हतं. ड्रॉवर ओढून आतला कोपरा खरवडला तेव्हा सागाचा वास आला आणि भाव करण्याचं भानच राहिलं नाही.

जुना रंग काढण्यात तीन आठवडे गेले. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगात शिसं किती असेल याचा भरवसा नाही, आणि हे टेबल त्याहून बरंच जुनं आहे. म्हणून शिशाची धूळ-धूर उडवणारं कोरडं घासणं आणि हीट गन (गरम हवेने रंग सोडवणारं यंत्र) दोन्ही टाळलं. गॅलरीत, तोंडाला चांगला मास्क लावून, पेंट रिमूव्हर आणि पत्र्याची खरवडणी. उरलेलं ओल्या पॉलिश पेपरने घासलं, निघालेला चिखल कागदात गुंडाळून वेगळा ठेवला. घरात लहान मूल असेल तर या पायरीत अजिबात घाई करू नका.

लाकूड उघडं झाल्यावर पॉलिश पेपर ८०, मग १२०, मग १८० नंबर (नंबर मोठा तितका पेपर बारीक). अक्रोडी भागाला स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा पातळ रंग, द्यायचा होता, तिथे १८० वर थांबले. त्याहून बारीक पेपर मारला की पृष्ठभाग इतका गुळगुळीत होतो की स्टेन आत मुरत नाही, रंग फिका येतो. मात्र फळीची आडवी कापलेली टोकं मुद्दाम ३२० पर्यंत नेली. तिथे तंतूंची तोंडं उघडी असतात, ती स्टेन स्पंजासारखा पितात आणि कडा काळ्या पडतात. स्टेन पाण्यातला असल्यामुळे आधी ओलं फडकं फिरवून फळी रात्रभर वाळू दिली. सकाळी उभे राहिलेले तंतू हलक्या हाताने घासून टाकले. हे आधी केलं नाही तर नेमका स्टेन लावल्यावर फळीला खरखरीतपणा येतो, आणि घासायला जावं तर रंग निघतो.

स्टेनची चाचणी टेबलाच्या पोटाशी, खालच्या बाजूला घेतली. दुकानातल्या कार्डावरचा अक्रोडी आणि माझ्या सागावरचा अक्रोडी यांत खूप फरक निघाला. शिवाय वरच्या एका फळीच्या कडेला फिक्या लाकडाचा दोन बोटं पट्टा होता. सागाचा गाभा सोनेरी तपकिरी, बाहेरचं लाकूड पांढुरकं. एकाच स्टेनमध्ये दोन्ही सारखी दिसत नाहीत. त्या पट्ट्याला बारीक ब्रशने पातळ स्टेनचे दोन जादा हात दिले. आता शोधून काढावा लागतो.

आता चूक सांगते, कारण सगळ्यात जास्त शिकले ते तिथे. पाय आणि सांगाडा आधी रंगवून टाकावा असं वाटलं. पाण्यातला प्राइमर (रंगाखालचा अस्तराचा हात), त्यावर मोतिया एनॅमलचा एक हात. दुसऱ्या दिवशी सकाळी पायांवर चहा सांडल्यासारखे पिवळट तपकिरी डाग. रंग कमी पडला असेल म्हणून दुसरा हात दिला. डाग पुन्हा वर आले, थोडे फिके, पण त्याच जागी.

आमच्या सोसायटीत एक वयस्कर सुतारकाका येतात. त्यांनी पायावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ताई, साग तेलकट असतो. पाण्याच्या रंगात त्याचा रस सुटतो. मध्ये चपडा घाला, मग काय पाहिजे तो रंग लावा."

चपडा म्हणजे लाखेचे पापुद्रे. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर लाखेचे किडे जी राळ सोडतात, ती शुद्ध करून हे बनवतात. जुनं फ्रेंच पॉलिश यातूनच होतं. रविवार पेठेत बोहरी आळीत सुटा मिळाला. अर्धा लिटर पॉलिशच्या स्पिरिटला ६० ग्रॅम, काचेच्या बरणीत, रात्रभर. सकाळी तळाशी मेणाचा गढूळ थर बसलेला दिसतो. तो हलवायचा नाही, वरचं निवळ तेवढं ओतून घ्यायचं. मेण राहिलं तर वरचं पाण्यातलं क्लिअर (पारदर्शक संरक्षक लेप) नीट धरत नाही, पुढे पापुद्रे सुटू शकतात. डाग पडलेले पाय घासले, स्पिरिटच्या बोळ्याने पुसले, निवळ चपड्याचे दोन हात दिले. त्यानंतरच्या मोतियातून आजवर एकही डाग वर आलेला नाही. फक्त दमट दिवशी चपडा लावू नका. स्पिरिट उडताना हवेतला ओलावा धरतं आणि वर पांढुरकं धुकं येतं.

यातूनच कामाचा क्रम ठरला, आणि माझ्या मते दोन रंगांच्या कामात सगळं या क्रमावर अवलंबून आहे. आधी स्टेन. तो पूर्ण वाळला की त्यावर चपड्याने बंदिस्ती. मग क्लिअरचा एक हात. आणि त्यानंतर शेजारचा रंग. बंदिस्त झालेल्या लाकडावर रंगाचा थेंब पडला तर ओल्या फडक्याने पुसला जातो. उघड्या लाकडावर पडला तर छिद्रांत जाऊन बसतो आणि १२० नंबरशिवाय निघत नाही.

टेपचंही तसंच. टेप कितीही दाबून लावली तरी सागाच्या बारीक रेषांमधून रंग खाली झिरपतो. म्हणून टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी क्लिअरचा पातळ हात मारला. जे झिरपायचं ते क्लिअरच झिरपलं, न दिसणारं. त्यावर मोतिया. टेप काढायची ती रंग पूर्ण कडक व्हायच्या आत, स्वतःवरच दुमडून, हळू.

रेघ कुठे घ्यायची हेही आधी ठरवावं लागतं. एकाच फळीच्या मधोमध रंग बदलायचा मोह होतो, चित्रांत ते छान दिसतं. मी जिथे दोन लाकडं भेटतात तिथेच रंग बदलला. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि सांध्यावर भरून आलेला रंग तिथे तडकतोच. म्हणून सांध्यात ब्लेडची बारीक खाच मोकळी ठेवली आहे. या टेबलाच्या बाजूंना खोबणीत सैल बसवलेल्या पातळ फळ्या आहेत. त्या एप्रिलमध्ये रंगवायला मिळाल्या हे बरं झालं. आत्ता त्या सगळ्यात जास्त आकसलेल्या असतात, खोबणीतली एरवी लपणारी कडही बाहेर दिसते आणि तिलाही रंग मिळतो. हेच काम ऑगस्टमध्ये केलं असतं तर पुढच्या उन्हाळ्यात कडेने कोऱ्या लाकडाची पट्टी डोकावली असती.

मोतियासाठी पाण्यातलं एनॅमल घेतलं कारण टेबल अंधाऱ्या खोलीत जाणार आहे. ऑइल पेंटमधला पांढरा अंधारात लवकर पिवळा पडतो.

ड्रॉवरच्या बाजूंना रंग दिलाच नाही. रंगाची जाडी जुलैत भारी पडते. आत-बाहेर चपड्याचा एक हात, आणि सरकतात त्या कडांवर मेणबत्ती घासली. बसवताना वरच्या फटीत दुहेरी दुमडलेलं पोस्टकार्ड सहज सरकेल एवढी जागा ठेवली आहे. फळीच्या खालच्या बाजूलाही वरच्याइतकेच क्लिअरचे हात दिले, नाहीतर ओलावा एका बाजूनेच जाऊन फळी वाकते.

सध्या वरच्या फळीवर मॅट क्लिअरचा तिसरा हात वाळतोय, मधल्या हातांनंतर ३२० नंबर हलका फिरवला होता. बोटाला कोरडं लागतं, पण अजून दोन आठवडे त्यावर काही ठेवणार नाही. पितळी मुठी चिंच-मिठाने घासून ठेवल्यात, त्या पुढच्या रविवारी बसतील. पोस्टकार्ड ड्रॉवरमध्येच ठेवलंय. जुलैत चांगला पाऊस लागला की त्याच फटीत पुन्हा सरकवून बघणार आहे.