ठमीचा पट्टा

मी शिकारी नाही. धनुष्य हातात घेतलंय ते एकदा दुकानात, कुतूहलापोटी. पोटापाण्यासाठी मिशिगन राज्यात, डेट्रॉइटजवळ, गाड्यांच्या सुट्या भागांची डिझाइनं करतो. पण ऑक्टोबर लागला की दुसरं काम सुरू होतं: लोकांनी बाण मारलेली आणि मग न सापडलेली हरणं शोधायची. शोधते ठमी. मी दोराच्या दुसऱ्या टोकाला असतो.

ठमी ही खरखरीत केसांची डॅक्सहुंड. आखूड पाय, लांब नाक, हट्टी स्वभाव. जर्मनीत ही जात बिळात शिरायला तयार केली, पण जखमी जनावराच्या मागावरही तिकडे ती पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. अमेरिकेत हे काम रुजवलं ते न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन जेनेनी यांनी, १९७० च्या दशकात. मिशिगनमध्ये कायद्याने याला परवानगी आहे, पण एक अट पक्की: कुत्रा पट्ट्यालाच हवा. माझा पट्टा तीस फुटी आहे, नारिंगी, चिखल न धरणारा.

इथल्या मराठी मंडळींना हे सांगितलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "अरे, पण त्या बिचाऱ्या हरणांना...". बाण आधीच लागलेला असतो, मी नंतर जातो, हे कुणी ऐकून घेत नाही. मिशिगनमध्ये वर्षाला पन्नास हजारांहून जास्त वेळा गाड्या हरणांना धडकतात असं सांगितलं की मग विषय इन्शुरन्सवर जातो आणि माझी सुटका होते.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. बाण लागलेलं हरीण जागच्या जागी कोसळत नाही. बंदुकीच्या गोळीत धक्का असतो. बाण रक्तस्रावाने मारतो. म्हणजे हरीण जवळजवळ नेहमीच पळतं. शिवाय बाण आवाजापेक्षा खूप हळू जातो. हल्लीच्या पुली बसवलेल्या 'कंपाउंड' धनुष्याचा बाण सेकंदाला २८० फुटांच्या आसपास धावतो, तर प्रत्यंचेचा आवाज अकराशे फुटांनी. वीस-बावीस मीटरवरच्या हरणाला बाण पोचायच्या आधीच आवाज पोचतो, ते उडी घेण्यासाठी पाय दुमडून खाली बसतं, आणि छातीवर धरलेला नेम भलतीकडेच लागतो. यात शिकाऱ्याचा दोष असतोच असं नाही. टीव्हीवरचे शिकारी हे दाखवत नाहीत. तिथे बाण सुटतो, मिठ्या मारतात, पुढच्या दृश्यात शिंगं धरून फोटो. मधले सहा तास कापून टाकलेले असतात, आणि माझं सगळं काम त्या सहा तासांत असतं.

गेल्या नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. नर माद्यांच्या मागे वेडे झालेले असतात ते दिवस. बंदुकीचा हंगाम १५ नोव्हेंबरला उघडतो, त्यामुळे धनुष्यवाल्यांची आधी घाई उडते. जॅक्सन काउंटीतून रात्री साडेसातला फोन. एकोणीस वर्षांचा मुलगा. शेजारच्या मचाणावर त्याचा मित्र होता, जमीन त्या मित्राच्या काकाची.

फोनवर माझे प्रश्न ठरलेले. बाण कधी मारलास? पाच दहाला. हरणाने काय केलं? पाठ कमानीसारखी वर काढली, थोडं धावलं, मग चालत गेलं, शेपटी खाली. बाण मिळाला? मिळाला. रंग? "गडद. आणि वास येतोय." फोटो मागवला. पिसांवर काळपट लाल रक्त, एका बाजूला हिरवट चिकटा. फुप्फुसाचं रक्त गुलाबी असतं, त्यात बुडबुडे असतात. हे काळीज, म्हणजे यकृत, आणि कोठ्याला ओझरता स्पर्श. हा मार जीवघेणाच, पण सावकाश. अशा हरणाला कुणी छेडलं नाही तर ते शंभर-दीडशे मीटरवर बसतं आणि बसल्या जागी मरतं. छेडलं तर उठून कुठे जाईल त्याचा नेम नाही.

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: मागावर कोण चाललंय? "कुणीच नाही. बाण उचलला आणि मागे फिरलो." मला बरं वाटलं. एरवी मी पोचेपर्यंत सासरा, मेव्हणा, दोन शेजारी आणि त्यांचं लॅब्रॅडोर यांनी सगळं रान तुडवलेलं असतं. बुटाला रक्त लागतं, ते चहूकडे पसरतं, आणि मग कुत्र्याने वीस दिशांना हरीण शोधायचं. वर म्हणणार, "तुमच्या कुत्र्याला जमलं नाही."

अकराला भेटू म्हटलं. बाण लागल्यापासून सहा तास होत होते, थंडीही शून्याच्या खाली गेली होती, मांस टिकलं असतं.

पोचलो तेव्हा दोघं ट्रकच्या टेलगेटवर बसलेले. बाण मारलेला मुलगा सारखा बोलत होता, दुसरा गप्प. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातलेला तो शिकारी, नाड्यांचे जाडजूड बूट घातलेला तो मित्र. बूट मी नेहमीच बघून ठेवतो. मागावर ठसे दिसले की कुणाचे ते कळायला हवं.

ठमीला पट्टा बांधताना तिच्यात जो बदल होतो तो मला अजून नवाच वाटतो. गाडीत कुरकुरणारी, थंडीने थरथरणारी ती कुत्री एकदम कामाला लागते. बाण लागला त्या जागी पानांवर केसांचा पुंजका होता, तपकिरी, जाडे, टोकाला काळसर. बरगडीच्या मधल्या भागातले. पोटाचे पांढरे केस दोन-चारच. फोनवरचा अंदाज बरोबर होता. ठमीने तो पुंजका हुंगला, एक चक्कर मारली आणि नाक जमिनीला लावून चालू पडली. तीस पावलांनंतर मला रक्त दिसेनासं झालं. तिला फरक पडला नाही. हरणाच्या खुरांच्या बेचक्यात ग्रंथी असतात, त्यांचा वास प्रत्येक पावलाला जमिनीला लागतो; रक्त नसलं तरी कुत्रा तो धरून जातो. वाटेत दुसऱ्या हरणांचे ताजे माग आडवे गेले होते. तिने एकदाही मान वळवली नाही. हे मी जरा फुशारकीनेच सांगतोय, पण तिचा तेवढा मान आहे.

दलदलीच्या काठाला, साधारण सव्वाशे मीटरवर, हरीण बसल्याची जागा सापडली. गवत दबलेलं, मध्ये ताटलीएवढं गोठलेलं काळं रक्त. हरणाने जे करायला हवं तेच केलं होतं. ते इथेच मरायला हवं होतं.

ते तिथे नव्हतं. आणि त्या जागेपासून चार हातांवर, चिखलात, नाड्यांच्या जाड बुटाचा ठसा होता. ठशाला बर्फाची पापुद्री धरली होती, म्हणजे तो आमच्यासोबतचा नव्हता, संध्याकाळचा होता. पुढचे खुरांचे ठसे खोल, बोटं फाकलेली, मागची छोटी खुरंही रुतलेली. चालणारं हरीण असे ठसे सोडत नाही. ते उठून जिवाच्या आकांताने पळालं होतं.

मी टॉर्च ठशावर धरला नाही. फोनवर त्या जागेचा फोटो काढला, तसा नेहमीच काढतो, आणि पुढे निघालो. शिकारी मुलगा मागे कागदाचे तुकडे फांद्यांना अडकवत येत होता, त्याचं खाली लक्ष नव्हतं. मित्र आणखी मागे राहिला.

दोनशे मीटरवर तारेचं कुंपण. वरच्या तारेला केस आणि रक्त. पलीकडे सोयाबीनचं कापलेलं शेत, मग झाडी. प्रत्येक तिसऱ्या खांबाला प्रवेश बंदची पाटी. ठमी पुढचे पाय तारेवर ठेवून उभी राहिली, सगळं अंग पलीकडे ताणलेलं. ती अशी उभी राहते तेव्हा हरीण लांब नसतं.

मिशिगनमध्ये जखमी हरणामागे परक्याच्या कुंपणातून जायचा हक्क कुणाला नाही. मालकाची परवानगी हवी, नाही म्हणाला तर संपलं. मी फोन काढला, मालक कोण ते विचारलं. तेव्हा तो मित्र त्या रात्री पहिल्यांदा नीट बोलला.

"पट्टा सोडा ना. कुत्री पलीकडे गेली की तिला आणायला जाता येतं. कायदाच आहे तसा."

आहे तसा. शिकारी कुत्रा परक्या जमिनीत गेला तर हत्यार न घेता, पायी, फक्त कुत्रा आणण्यापुरतं जाता येतं, मालकाने आधी मनाई केली नसेल तर. म्हणजे कुत्र्यासाठी वाट आहे, हरणासाठी नाही. त्या वयाच्या पोराला हे पाठ असण्याचं मला नवल वाटलं नाही; मला बोलावण्याचा आग्रह कुणी धरला असेल ते मात्र तिथे उभ्या उभ्या कळलं. हरीण कुंपणापलीकडे गेलंय हे त्याला संध्याकाळपासून ठाऊक होतं.

पट्टा सोडला नाही. सोडला असता तर माझाच कायदा मोडत होता, आणि नऊ किलोची कुत्री कोल्ह्यासारख्या कोयोटींच्या रानात अंधारात. ही दोन्ही कारणं खरी आहेत. तरीही पलीकडे एक जनावर पोटात जखम घेऊन बसलं असेल आणि मी तारेच्या अलीकडे नियम सांगत उभा आहे, हे काही त्या कारणांनी पुसलं जात नाही.

गाडीने वळसा घालून मालकाच्या घरी गेलो. साडेबारा वाजले होते, दिवा होता. सत्तरीचा म्हातारा, अंगात जाकीट, पायात मोजे. मी एकटा, विनाहत्यार, कुत्री पट्ट्याला, अर्धा तास, असं सांगितलं. त्याने माझ्या खांद्यावरून गाडीकडे पाहिलं. "तो पोरगा आहे ना गाडीत? माझ्या बांधावर मचाण बांधणारा? सांगितलं होतं त्याला." आणि दार लावता लावता, "उजाडल्यावर या. तुम्ही आणि कुत्री. ते नकोत."

म्हाताऱ्याचा मला राग आला होता. आता तेवढा येत नाही. इकडे रात्री-अपरात्री रानात शिरणारे कमी नाहीत, आणि जमिनीचा मालक दर वेळी शेवटचा ऐकणारा असतो.

सकाळी सात वाजता ठमी कुंपणाच्या तारेपासून निघाली आणि शेत ओलांडून झाडीच्या कडेला थांबली. ऐंशी मीटरही नसेल. आठ टोकांच्या शिंगांचा नर. मागचा एक पाय आणि पोट कोयोटींनी खाल्लं होतं. मान आणि पुढचे पाय अजून पुरते ताठरले नव्हते. एवढ्या थंडीत त्यावरून वेळ नक्की सांगता येत नाही, पण संध्याकाळी सहाला मेलेलं हरीण सकाळी सातला असं लागत नाही. मध्यरात्री ते जिवंत असण्याचा संभव आहे. कोयोटी कधी आले, आधी की नंतर, हे मी पाहिलं पण लिहिणार नाही.

म्हाताऱ्याने ट्रॅक्टर आणला, काही न बोलता हरीण फाटकापर्यंत ओढलं. मुलाने फाटकाबाहेर उभं राहून शिकार-परवान्याचा टॅग बांधला. पुढचे खांदे तेवढे वाचले. त्याने पेट्रोलचे पैसे पुढे केले, मी घेतले. मित्र आलाच नव्हता.

गेल्या आठवड्यात त्या मुलाचा मेसेज आला. धनुष्य विकायला काढलंय. आपल्याला नेम धरता येत नाही, आपल्यामुळे जनावर रात्रभर तडफडलं असं त्याने लिहिलंय. मित्र म्हणतो की होतं असं, विसरून जा. शेवटी एकच प्रश्न: माझा बाण इतका वाईट होता का?

इकडचे तरुण शिकारी मला फारसे आवडत नाहीत. यंत्रं फार, रानात बसणं कमी. पण या पोराने वीस-बावीस मीटरच्या पुढे बाण मारला नाही, अंधारात मागावर गेला नाही, फोनवर एक शब्द खोटा बोलला नाही. काळजाला लागलेला बाण वाईट नसतो. हे मी त्याला लिहिलं, आणि ते हरीण सव्वाशे मीटरवर बसलं होतं, तिथेच राहिलं असतं तर तिथेच मेलं असतं, हेही लिहिलं.

अर्ध्या तासात उत्तर: मग ते उठलं का?

दोन दिवस तो मेसेज तसाच ठेवला. मित्र त्या पोराचा आहे, माझा नाही. मचाणं त्यांची, काका त्यांचा, पुढच्या हंगामात एकमेकांशेजारी बसणार ते. काल रात्री मी त्याला त्या बसल्या जागेचा फोटो पाठवला. डाव्या कोपऱ्यात ठसा स्पष्ट दिसतो. बूट कुणाचा ते लिहिलं नाही.