दोन पकडींमधले पाते

स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक पाते वरखाली करून लाकडात नक्षी कापणारे करवतीचे मशीन, घ्यायचे ठरवले तेव्हा मी दोनच गोष्टी पाहिल्या होत्या. पात्यापासून मागच्या खांबापर्यंतचे अंतर किती आहे, म्हणजे केवढी फळी मशीनवर गोल फिरवता येईल, ही एक. आणि वेग कमीजास्त करता येतो की नाही, ही दुसरी. माझ्या मशीनवर ते अंतर १६ इंच आहे आणि पाते मिनिटाला साधारण ४०० ते १६०० वेळा वरखाली होते. या दोन्ही गोष्टी उपयोगाच्या आहेत. पण त्यानंतरच्या वर्षांत मला ज्या अडचणी आल्या, त्यांपैकी जवळजवळ एकही या आकड्यांमुळे आलेली नाही. रेघ सोडून जाणारा काप, जळकट झालेली कड, तिरकी उतरलेली भिंत, पाचव्या मिनिटाला तुटलेले पाते, या सगळ्यांचा माग काढत गेलो की शेवटी पाच इंच लांबीच्या त्या पात्यापाशीच, आणि बऱ्याचदा त्याला धरून ठेवणाऱ्या दोन पकडींपाशी येऊन थांबावे लागते.

पात्यांचे मुख्य प्रकार दोन. एकाच्या दोन्ही टोकांना आडवी बारीक पिन असते आणि ती मशीनच्या आकड्यात अडकते. दुसऱ्याची टोके सपाट असतात आणि ती स्क्रूने दाबून धरावी लागतात. पिनचे पाते बसवायला सोपे असते, परंतु पिन आत जाण्याइतके मोठे भोक पाडावे लागत असल्यामुळे बारीक जाळीकामात ते निरुपयोगी ठरते. सपाट टोकाचे पाते दीड-दोन मिलिमीटरच्या भोकातूनही ओवता येते. मशीन घेणाऱ्याला एकच सल्ला द्यायचा झाला, तर सपाट टोकाची पाती घेणारे मशीन निवडावे, असे मी सांगेन.

मात्र सपाट टोकाचे पाते केवळ घर्षणावर टिकून असते, आणि देखभालीचा अर्धा भाग या एका वाक्यातून निघतो. नवी पाती गंजू नयेत म्हणून कारखान्यातच त्यांना तेलाचा हात दिलेला असतो. ते तेल टोकांवर तसेच राहिले, तर कापता कापता पाते वरच्या पकडीतून निसटते आणि ‘टक्’ असा आवाज होऊन फळी एकदम उचलली जाते. सुरुवातीला मी यावर उपाय म्हणून पकडीचा स्क्रू पक्कडीने आवळत असे. त्याचा परिणाम एवढाच झाला की स्क्रूचे आटे झिजले आणि त्याचे टोक आरशासारखे गुळगुळीत झाले, म्हणजे निसटणे आणखी वाढले. आता नवे पाते घेतले की त्याची दोन्ही टोके २२० नंबरच्या पॉलिश पेपरच्या घडीत धरून दोनदा ओढतो, आणि दर काही दिवसांनी पकडीचे दोन्ही स्क्रू बाहेर काढून त्यांची टोके त्याच पेपरवर सपाट घासतो आणि स्पिरिटने पुसतो. घासूनही टोक सपाट होत नसेल, तर स्क्रू बदलावा. तो मशीनचा सर्वांत स्वस्त भाग असतो आणि सर्वांत जास्त त्रास तोच देतो. एका बाजूचा स्क्रू हाताने फिरवायचा आणि दुसऱ्या बाजूचा एल-कीने, म्हणजे काटकोनात वाकलेल्या षट्कोनी किल्लीने, बसवलेला असतो. हा दुसरा स्क्रू आपण क्वचितच हलवतो, पण थरथरीने तो हळूहळू मागे सरकतो आणि मग वरची व खालची पकड एका रेषेत राहत नाही. मशीनच्या समोर बसून पाते वरपासून खालपर्यंत न्याहाळले की त्याला किंचित पीळ पडलेला दिसतो. असे पिळलेले पाते कितीही ताणले तरी सरळ कापत नाही.

ताणाविषयी माझी कसोटी कानाची आहे. पाते बसवून ताणाचा खटका ओढल्यावर मागच्या बाजूने नखाने ते हलकेच छेडावे. सैल पाते बोदा, मेलेला आवाज देते आणि नीट ताणलेले पाते तार छेडल्यासारखा स्वच्छ, चढा सूर देते. कानावर भरवसा नसेल, तर बोटाने मध्यम जोर देऊन पाहावे: पाते बाजूला तीन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. ताण कमी असला, तर जाड लाकडात पाते मध्यभागी फुगते आणि कापाची भिंत पिंपासारखी बाहेर येते. वरची रेघ बिनचूक, खालची कडही जवळपास ठीक, आणि पोट मात्र सुटलेले. फार ताणले, तर पाते लवकर तुटते. ही दोन टोके मला सारखी वाईट वाटत नाहीत. तुटलेले पाते बदलता येते, पण पोट सुटलेला तुकडा टाकूनच द्यावा लागतो, म्हणून मी किंचित जास्त ताणाच्या बाजूने झुकतो.

पात्यावर दात्यांची दिशा खाली असते, म्हणून लाकूड टेबलावर दाबले जाते आणि खालच्या अंगाला रेषे उखडतात. यासाठी काही पात्यांना तळाशी मोजके उलटे, म्हणजे वर तोंड केलेले दाते दिलेले असतात. या पात्यांचा फायदा तेव्हाच होतो, जेव्हा पाते सर्वांत वर असताना यांतले दोन-तीन उलटे दाते टेबलाच्या पातळीवर दिसतात. मी कित्येक महिने ही पाती वापरत होतो आणि खालची कड तरीही फाटत होती, कारण माझ्या मशीनची खालची पकड खोल असल्यामुळे उलटे दाते लाकडापर्यंत पोहोचतच नव्हते. चाक हाताने फिरवून पाते वर आणावे आणि बोटाचे टोक टेबलाच्या भोकापाशी धरून दाते मोजावेत. एका मिनिटाचे काम आहे.

आता रेघ सोडून जाण्याविषयी. नवशिक्याला पहिल्या दिवसापासून असे वाटते की आपला हात थरथरतो आहे. मलाही तसेच वाटत होते. प्रत्यक्षात बहुतेक पाती तयार होताना त्यांच्या एका बाजूला अतिशय बारीक कंगोरा राहून जातो. पाते बोटांच्या चिमटीत धरून अलगद ओढले, तर एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी खरखरीत लागते. खरखरीत बाजू जास्त कापते, म्हणून काप त्या बाजूला ओढला जातो. फळी अगदी नाकासमोर सरळ ढकलली, तर रेघ चुकणारच. फळी दोन-चार अंश तिरकी धरून पुढे न्यायची सवय हाताला लावावी लागते, आणि ती एकदा लागली की पुढे जाणीवही राहत नाही. दुसरा उपाय असा की मशीन चालू असताना धार लावायचा बारीक दगड त्या बाजूला क्षणभर टेकवावा. मी तो करून पाहिला आहे, पण मला हाताची सवयच बरी वाटते, कारण पाते दर अर्ध्या तासाने बदलणार असेल, तर दगड तरी किती वेळा टेकवायचा?

हा अर्धा तास मी सहज लिहिला नाही. सागवानात सिलिकेचे बारीक कण असतात आणि प्लायवुडच्या थरांमध्ये सरस असतो. दोन्ही दात्यांची धार लवकर मारतात. बोथट पाते आवाज करून सांगत नाही. आपण नकळत जास्त ढकलू लागतो, पाते मागे वाकते, काप धूर सोडू लागतो, आणि मग आपण लाकडाला नावे ठेवतो. फळीवरचा हात कधी जड झाला हे ओळखणे, हे या मशीनवरचे खरे कौशल्य आहे. पातळ फळी कापताना दात्यांचा एक छोटासाच पट्टा झिजतो आणि बाकीचे पाते नवेच राहते, म्हणून मी अशा वेळी टेबलावर जाड प्लायवुडचा तुकडा दुहेरी चिकटपट्टीने बसवतो. फळी वर उचलली जाते, नव्या दात्यांवर येते, आणि शिवाय त्या प्लायवुडला पात्यापुरतेच भोक असल्याने लहान तुकडे टेबलाच्या मोठ्या भोकातून खाली पडत नाहीत.

जळण्यावर आणखी एक उपाय आहे आणि तो ऐकायला खोटा वाटतो. नक्षीचा कागद चिकटवलेल्या फळीवर पारदर्शक पॅकिंग टेप लावून त्यावरून कापले, तर कडा कमी जळतात. अॅक्रिलिकमध्ये तर याची गरजच पडते. तिथे पात्याच्या उष्णतेने वितळलेला काप मागून पुन्हा चिकटतो, आणि टेप व कमी वेग यांमुळे ते बरेच टळते.

वळणांविषयी थोडेच सांगतो. गोलाई कापताना फळी वळते, पाते वळत नाही, आणि त्याला बाजूने दाब देऊन वळवू पाहणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. टोकदार कोपऱ्यात मात्र वेगळी युक्ती लागते: कोपऱ्यापर्यंत जावे, केसभर मागे यावे, पात्याची पाठ खाचेच्या भिंतीला टेकवावी आणि तिथल्या तिथे फळी गर्रकन फिरवावी. पाठीला दाते नसतात, म्हणून फिरताना काहीच कापले जात नाही आणि कोपरा टोकदार राहतो. जाळीकामात आतली भोके आधी आणि बाहेरची कड शेवटी कापावी, आणि ड्रिलने भोके पाडल्यावर खालच्या बाजूला उठलेले लाकडाचे तंतू घासून टाकावेत. नाहीतर फळी टेबलावर सपाट बसत नाही आणि प्रत्येक वळणावर ठेचकाळते.

टेबल काटकोनात आहे की नाही, हे मला एका जिगसॉ कोड्याने शिकवले. या कोड्यांची सुरुवात १७६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी या नकाशा खोदणाऱ्याने लाकडावर नकाशे चिकटवून आणि ते देशांच्या सीमांवरून कापून केली, असे मानले जाते. माझे कोडे इतके मोठे नव्हते, जेमतेम तीस तुकड्यांचे होते. कापून झाल्यावर लक्षात आले की तुकडे वरून उचलले तर निघत नाहीत, पण खालून ढकलले तर सहज सुटतात, आणि काहींचे नेमके उलटे. टेबल जेमतेम अर्धा अंश कललेले होते. टेबलाखालच्या अंशांच्या पट्टीवर काटा शून्यावरच होता. त्या पट्टीवर मी आता कधीच विसंबत नाही. गुण्या लावून पाहता येते, परंतु पाते इतके बारीक असते की डोळा फसतो. माझी पद्धत अशी आहे: सुमारे ४० मिलिमीटर जाडीचा सरळ रंधलेला ठोकळा घ्यावा, त्याच्या कडेला दोन-तीन मिलिमीटर खोल खाच कापावी, मशीन बंद करावे, ठोकळा टेबलावरच अर्धा फिरवून पात्याच्या मागे न्यावा आणि तीच खाच पात्याच्या पाठीला भिडवावी. टेबल काटकोनात असेल, तर पाते खाचेत वरपासून खालपर्यंत बिनबोभाट शिरते. नसेल, तर चूक दुप्पट होऊन समोर येते आणि पाते वर किंवा खाली अडते.

टेबलाला महिन्यातून एकदा घट्ट मेणाचा हात देऊन ते कोरड्या कापडाने चोळून काढतो, म्हणजे फळी सरकताना हाताला लागत नाही. सिलिकॉनचे फवारे मी कटाक्षाने टाळतो, कारण ते लाकडाला लागले की पुढे पॉलिश धरत नाही. खालच्या पकडीच्या घरात साठणारा भुसा ब्रशने काढतो. फुंकर मारणारी रबरी नळी मधूनच चिरते, ती वेळोवेळी पाहतो. बाह्यांच्या, म्हणजे पाते वरखाली करणाऱ्या वरच्या-खालच्या दांड्यांच्या, सांध्यांना तेल द्यावे की नाही, हे मशीनवर अवलंबून आहे. बंदिस्त बेअरिंगला तेल लागत नाही. माझ्या मशीनमध्ये सांध्यांना बेअरिंगऐवजी बुश, म्हणजे साध्या धातूच्या नळ्या, आहेत, म्हणून मी ते कुशीवर आडवे करून प्रत्येक सांध्यावर दोन-चार थेंब सोडतो, रात्रभर तसेच ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुशीवर करतो. ‘टकटक’ आवाज येऊ लागला, तर प्लग काढून, पाते उतरवून वरची बाही हाताने वरखाली हलवून पाहावी. सैल झालेला एखादा बोल्ट किंवा झिजलेला सांधा तिथे हाताला स्पष्ट जाणवतो, कानाला जाणवतो त्यापेक्षा कितीतरी जास्त.

थरथर हा वेगळा विषय नाही. मशीन घडवंचीला बोल्टने पक्के केलेले नसेल, तर कितीही चांगले पाते बारीक नक्षी कापणार नाही. उंचसखल जमिनीवर तीन पायांची घडवंची चार पायांपेक्षा बरी.

स्क्रोल सॉ बोटे तोडणाऱ्या यंत्रांपैकी नाही, आणि म्हणूनच माणूस गाफील राहतो. पाते तुटले की त्याचा वरचा तुकडा बाहीसोबत सुईसारखा वरखाली होत राहतो आणि आपला हात नेमका तिथेच फळी धरून असतो. माझ्या अंगठ्यावर याची एक खूण आहे. पाते तुटल्याचा आवाज आला की आधी फळी सावरायची नाही, आधी मशीन बंद करायचे. पायाने चालणारा स्विच बसवल्यापासून हे आपोआप होते. चष्मा आणि मास्क तर लागतातच, कारण इथला भुसा पिठासारखा बारीक असतो आणि तोंडाजवळ उडतो.

तुटलेली पाती मी एका डब्यात टाकत जातो आणि महिन्याच्या शेवटी तो डबा कागदावर रिकामा करतो. माझ्या अनुभवात मधोमध तुटलेली पाती बोथट झाल्यावर ढकलल्यामुळे गेलेली असतात आणि पकडीच्या तोंडाशी तुटलेली ताणामुळे किंवा वाकड्या पकडीमुळे. या वेळच्या एकवीस तुकड्यांपैकी चौदा वरच्या पकडीशीच तुटले आहेत, तेव्हा उद्या ती पकड उघडून एल-कीचा तो स्क्रू पुन्हा किती मागे सरकला आहे, हे पाहायचे आहे.