सुरकुती पडणारी मोटार

भोसरीतल्या एका टूलरूममध्ये मी अनेक वर्षे मोटारींच्या पत्र्याचे डाय, म्हणजे पत्र्याला दाबून आकार देणारे साचे, तयार करतो आहे आणि आमच्या कामात पत्र्यावर सुरकुती दिसली की तो भाग नापास. पंच, म्हणजे पत्रा दाबणारा साच्याचा भाग, खाली येताना पत्रा कडेने सैल सुटला तर सुरकुती पडते, फार घट्ट धरला तर तो फाटतो. या दोहोंमधला नेमका दाब शोधण्यात आमचे आठवडेच्या आठवडे जातात. बीएमडब्ल्यूने २००८ साली लोकांसमोर आणलेल्या ‘जीना’ या प्रायोगिक मोटारीचे दार उघडताना त्याच्या पुढच्या कडेशी चुण्या पडतात, हे चित्रफितीत प्रथम पाहिले तेव्हा मी म्हणूनच अस्वस्थ झालो होतो.

या दोन आसनी मोटारीचे बाह्यांग पत्र्याचे नाही, कापडाचे आहे. पॉलियुरेथेनचा लेप दिलेले, ताण घेणारे स्पॅन्डेक्स धातूच्या तारांच्या सांगाड्यावर ओढून बसवलेले आहे आणि जिथे आकार बदलायचा आहे तिथे सांगाड्यात कार्बन तंतूंच्या लवचीक पट्ट्या आहेत. सांगाड्याचे भाग विजेवर आणि हायड्रॉलिक दाबावर हलतात, तसतसे वरचे कापड नवा आकार घेते. दिवे लागायचे असतील तर पापणी उघडावी तसे कापड बाजूला सरते, मागचे दिवे कापडाआडूनच उजळतात, आणि इंजिनाकडे पाहायचे झाल्यास बॉनेट मधोमध फट पडून उघडते. पुढच्या टोकापासून दारांच्या मागच्या कडेपर्यंत कापडाला एकही जोड नाही. पत्र्याच्या दोन भागांमधली फट सर्वत्र सारखी राखण्यासाठी आम्ही किती झटतो हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच या अखंडपणाचे मोल कळेल.

ही कल्पना बीएमडब्ल्यूचे तेव्हाचे डिझाइन-प्रमुख ख्रिस बँगल यांच्या नेतृत्वाखालील अभिकल्पकांची. बीएमडब्ल्यूच्या २००१ च्या सेव्हन सिरीजची डिकी आणि त्यानंतरच्या झेड-फोरच्या आत-बाहेर वळणाऱ्या बाजू यांमुळे बँगल यांच्यावर कडाडून टीका झाली होती. ‘जीना’ पाहिल्यावर मला असे वाटते की, ते नवा आकार शोधत होते त्याहून अधिक आकार ठरवण्याची रीतच तपासत होते. दाराचा बाहेरचा एक पत्रा घडवायला चार-पाच डाय लागतात, त्यांचा खर्च कोटींच्या घरात जातो आणि तो भरून निघेपर्यंत मोटारीची रेषा बदलता येत नाही. आलिशान मोटारींतही ग्राहकाला आतले चामडे आणि लाकूड निवडता येते, बाहेरची रेषा मात्र कारखान्यातच गोठलेली असते. शिवाय आजच्या मोटारीत धडकेचा भार मुख्यतः आतला सांगाडा आणि दारातली आडवी तुळई घेते, त्यामुळे बाहेरचे आवरण कठीणच का असावे, हा त्यांचा प्रश्न अभियांत्रिकीच्या दृष्टीनेही रास्त आहे.

माझा आक्षेप टिकाऊपणाचा आहे. त्याच जागी हजारो वेळा घडी पडली की लेप प्रथम तिथेच थकणार, आणि उन्हाने व धुळीने ते अधिक लवकर होणार. अर्थात ही मोटार विकण्यासाठी नव्हतीच.

मार्च २०१६ मध्ये, कंपनीच्या शताब्दीनिमित्त, बीएमडब्ल्यूने ‘व्हिजन नेक्स्ट १००’ ही मोटार दाखवली. तिची पुढची चाके वळतात तेव्हा त्यांवरचे आवरण ताणले जाऊन चाकाबरोबर फुगते, आणि आतल्या-बाहेरच्या भागांत मिळून सुमारे ८०० हलते त्रिकोण आहेत. ते त्रिकोण माशाच्या खवल्यांसारखे एकमेकांवर सरकतात, काम फार नेटके आहे, तरीही माझा कौल ‘जीना’लाच आहे, कारण त्रिकोणांत आकार तुकड्यातुकड्यांनी बदलतो, तर ‘जीना’चे दार मिटताना ताण संपूर्ण कापडभर पसरत जातो आणि त्या चुण्या डोळ्यांदेखत विरून जातात.