लाटेची उंची १.२ मीटर, म्हणजे नक्की किती?

सर्फिंग शिकताना बोर्डावर तोल सांभाळणं तसं लवकर जमलं. छळलं ते लाटांच्या अंदाजाच्या तक्त्याने. 'उंची १.२ मीटर' वाचून किनाऱ्यावर जावं, तर एकदा जेमतेम गुडघ्याला लागणाऱ्या लाटा आणि एकदा डोक्यावरून जाणाऱ्या. आकडा मात्र तोच! तो रकाना दिसला की अजूनही चिडचिड होते.

मुळात तो आकडा असतो खुल्या समुद्रातला, आणि तोही सगळ्यात उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी. त्यातलीच एखादी जवळजवळ दुप्पटही येते. किनाऱ्याजवळ काय होणार ते शेजारच्या रकान्यावरून कळतं: आवर्तकाल, म्हणजे एका शिखरानंतर दुसरं यायला लागणारे सेकंद. ६ सेकंदांची लाट बहुधा जवळच्याच वाऱ्याने उठवलेली. खोल पाण्यात तिची लांबी साधारण ५६ मीटर. १४ सेकंदांची लाट कुठल्यातरी दूरच्या वादळाची, लांबी ३०० मीटरच्या वर. पाण्याची खोली लांबीच्या निम्म्यावर आली की लाटेला तळ जाणवू लागतो. पहिलीला २८ मीटरवर, दुसरीला थेट दीडशेवर. मग वेग मंदावतो, लांबी आखडते. लांब आवर्तकालाची लाट उथळ पाण्यात जास्त चढते, शिवाय ती जास्त वळते: भूशिरावर एकवटते, खाडीत पसरून मवाळ होते. एवढं सगळं असताना तक्त्यात ठळक अक्षरांत काय, तर उंची!

वाऱ्याचं लवकर समजलं. सकाळी मतलई वारा लाटेला समोरून अडवतो, त्यामुळे ती उशिरा आणि नीटस फुटते. दुपारी खारे वारे सुटले की सगळी खळबळ. म्हणून पहाटेच जा. पण हवेने फुगवलेलं काही घेऊन मतलई वाऱ्यात उतरू नका, थेट आत ढकलले जाल.

भरतीचं राहिलंच. खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीच्या आसपास आली की लाट फुटते. त्यामुळे ओहोटीला वाळूच्या बांधावर धडाधड फुटणाऱ्या लाटा भरतीला तिथूनच न फुटता निघून जातात. वेळापत्रक आधी बघा.

आणि फुटत्या लाटांच्या मध्ये फेस नसलेला शांत पट्टा दिसला तर पोहायला तिथे जाऊ नका. बहुतेक वेळा किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत आत ओढलं जात असतं.