भुंगा

सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत प्रत्येक यंत्राचा आवाज पाठ होता. फ्रिज कधी सुरू झाला, वरच्यांची पाण्याची मोटर कधी बंद पडली, सगळं झोपेतही कळायचं. २००६ च्या डिसेंबरात त्यात एका भुंग्याची भर पडली.

सकाळी कम्प्युटरचं बटण दाबलं की कॅबिनेटमधून आधी घर्रर्र, मग खरखर आणि दोनेक मिनिटांनी एक बारीक, एकसुरी भुणभुण. थंडीत वंगण घट्ट होतं, म्हणून सकाळी तमाशा जास्त. दुपारी तोच भुंगा जरा सभ्यपणे गायचा. आईने मात्र त्याचा उपयोग शोधून काढला. भुणभुण चालू म्हणजे कम्प्युटर चालू, भुणभुण बंद म्हणजे कम्प्युटर बंद. बंद असला की ती लगेच त्याच्यावर कव्हर चढवायची. चेनचं, निळ्या रेक्झिनचं, मॉनिटरला एक आणि कॅबिनेटला एक. धूळ बसते ना.

नेमका कुठला पंखा ओरडतोय हे शोधायची सोपी युक्ती आहे. बाजूचा पत्रा काढायचा आणि इअरबडच्या काडीने एकेका पंख्याचा मधला गोल हलकेच क्षणभर अडवायचा. ज्याला अडवल्यावर घर शांत होईल तो चोर. प्रोसेसरचा पंखा निर्दोष सुटला, मागचा मोठाही सुटला. सापडला तो ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखाली दडलेला, काड्यापेटीच्या लांबीपेक्षाही छोटा, चाळीस मिलिमीटरचा चिपसेटचा पंखा.

त्या काळी मदरबोर्डावर सहसा दोन मुख्य चिपा असायच्या, नॉर्थब्रिज आणि साउथब्रिज. दोन्ही मिळून चिपसेट. नॉर्थब्रिज म्हणजे आपला लकडी पूल. प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स यांची सगळी ये-जा त्याच्यावरून, आणि जिथे वर्दळ तिथे ताप. माझ्या बोर्डावर एएमडीचा एथलॉन ६४ प्रोसेसर होता. त्यात रॅमचा कारभार प्रोसेसरनेच स्वतःकडे घेतलेला, म्हणून पुलाचं निम्मं काम कमी झालेलं. पण उरलेलं सगळं एकाच चिपेत कोंबलं होतं आणि ती चांगलीच तापायची. फार नाही, दहाएक वॅट. देवघरातला तेव्हाचा ‘झिरो’चा बल्बसुद्धा त्याहून थोडी जास्तच वीज खायचा. पण ही सगळी उष्णता नखाएवढ्या जागेत. वर ग्राफिक्स कार्ड आडवं आल्यामुळे उंच हीटसिंक, म्हणजे उष्णता पसरवणारा पात्यांचा ठोकळा, बसवायला जागा नाही. मग बुटका हीटसिंक घ्या, त्यावर पिटुकला पंखा ठेवा आणि मिनिटाला पाचसहा हजार गरगर फिरवा. एवढ्या वेगात दिवसरात्र फिरणारं साधं, नुसत्या नळीसारखं स्लीव्ह बेअरिंग झिजणार नाही तर काय.

पहिला उपाय घरचाच. पंख्याच्या मधलं स्टिकर नखाने अलगद उचललं आणि आत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. भुंगा गप्प! तीन आठवडे टिकलं ते सुख. मग खरखर, मग पुन्हा तेल, आणि फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी आवाज एकदम थांबला. बरा झाला बिचारा, असं समजून मी खूश. अर्ध्या तासाने स्क्रीन गोठली. माउस जागच्या जागी. पत्रा काढून हीटसिंकला बोट लावलं आणि तसंच तोंडात घातलं.

वाईट याचं वाटलं की मशीनने काही सांगितलंच नाही. पंख्याला तीन वायरी असतील तर तिसरीतून त्याचा वेग बोर्डाला कळतो. याला दोनच होत्या, लाल आणि काळी. जगला काय, मेला काय, बायॉसच्या, म्हणजे बोर्डातल्या मूळ प्रोग्रॅमच्या, दप्तरी नोंदच नाही.

मग सुरू झालं टेबलफॅनपर्व. कॅबिनेट उघडं, शेजारी स्टुलावर टेबलफॅन, त्याचं तोंड थेट बोर्डाकडे. घरात माणसं घामाघूम आणि कम्प्युटरला वारा. आईने याबद्दल जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. पण उपाय लागू पडला, आणि पंखा थंडी तयार करत नाही, नुसती तापलेली हवा हाकलतो, हे मला तेव्हा नीट कळलं. पुण्यात मे महिन्यात खोलीत छत्तीस डिग्री असेल तर चिप पस्तीसवर आणणं कुठल्याच पंख्याच्या बापाला जमणार नाही.

तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने माझ्या हातातला मेलेला पंखा उलटासुलटा करून पाहिला.

“ह्याचा नाही मिळणार साहेब. हा चाळीसचा आहे, पण भोकं जुळणार नाहीत.”

“मग?”

“केबल टायने बांधून टाका. आत कोण बघतंय?”

माणूस खरं बोलत होता. पण नवा चाळीसचा म्हणजे सहा महिन्यांनी नवा भुंगा. केबल टायचं पाकीट तेवढं घेतलं.

खरा माल मिळाला रविवारी जुन्या बाजारात. नळाच्या तोट्या, बिनकाट्यांची घड्याळं आणि एक पाय तुटलेला गणपती यांच्या मधोमध कुठल्याशा जुन्या बोर्डावरून उपटलेला अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक पडला होता. पात्या छान उंच. वीस रुपये. घरी येऊन मोजला तर ग्राफिक्स कार्डाला घासणार. हॅकसॉने एका बाजूच्या पात्या अर्ध्यावर छाटल्या. गॅलरीत बसून तासभर. चुरा बोर्डावर पडला तर शॉर्ट होईल म्हणून नंतर तो नळाखाली ब्रशने घासला आणि उन्हात वाळवला, पापडांच्या शेजारी.

जुना हीटसिंक काढणं हे खरं कसबाचं काम. तो दोन प्लास्टिकच्या पिनांवर बसलेला असतो आणि बोर्डाच्या मागच्या बाजूला त्या पिनांची टोकं बाणासारखी फुललेली असतात. पक्कड लावली तर निसटून बोर्डालाच ओरखडा जायची भीती. बॉलपेनची रिफिल काढून टाकायची, नळीचं तोंड त्या टोकावर ठेवायचं आणि दाबायचं. बाण मिटतो, पिन टुपकन वर येते. ही युक्ती जमली तेव्हा मला जो आनंद झाला तो पुढे पहिल्या पगारालाही झाला नाही.

खाली चिपेवर गुलाबी पॅड होतं, वाळलेल्या च्युइंगमसारखं. ते खरवडायला स्क्रूड्रायव्हर घेऊ नये, मुदत संपलेलं प्लास्टिकचं कार्ड घ्यावं. मग आयपीएमध्ये, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, बुडवलेल्या कापसाने चिप लख्ख पुसली. थर्मल पेस्ट लावायची ती तांदळाच्या दाण्याएवढी. दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्ये बारीक फटी राहतात, फटींत हवा, आणि हवेतून उष्णता फारशी पुढे सरकत नाही. पेस्टचं काम त्या फटी बुजवण्यापुरतं. पुरणपोळीवर तूप सोडावं तशी सढळ हाताने सोडणारे लोक मी पाहिलेत. त्यांना अन्नदान करायला सांगावं.

उरला वारा. जुन्या कॅबिनेटमधला ऐंशी मिलिमीटरचा पंखा घरात होताच. चाळीसच्या दुप्पट रुंद म्हणजे क्षेत्रफळ चौपट, तेव्हा हळू फिरला तरी भागतं. त्याची वायर पिवळ्या बारा व्होल्टऐवजी लाल पाच व्होल्टला जोडली. आधी फिरेना. बोटाने टिचकी मारल्यावर फिरला, मग पुन्हा कधी अडला नाही. चार केबल टायनी कॅबिनेटच्या सळीला तिरका टांगला. दिसायला भयंकर. पण आत कोण बघतंय.

पुढे नॉर्थब्रिजच प्रोसेसरमध्ये विरघळून गेला आणि बोर्डावर उरली एक साधी चिप, वर चपटा पत्रा, पंख्याचं नाव नाही. मला वाटलं, संपली ही जात. तर २०१९ साली एएमडीच्या एक्स५७० बोर्डांवर, पीसीआय एक्स्प्रेसची, म्हणजे कार्डांना जोडणाऱ्या वेगवान मार्गाची, चौथी पिढी पेलता पेलता चिप तापते म्हणून, तोच छोटा पंखा पुन्हा हजर. फोटो पाहून माझे कान आपोआप टवकारले.

तर तो ऐंशीचा पंखा बसवला त्याच रात्रीची गोष्ट. तेव्हा आमच्या ब्रॉडबँडला रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट असायचं. रात्रभराचं काम लावून, मॉनिटर बंद करून मी झोपलो. साडेसातला उठलो तर कम्प्युटर दिसेना. टेबलावर निळं रेक्झिन. आई पाचला उठली होती, तिने कान दिला होता, भुंगा ऐकू आला नव्हता. आत हात घातला तर इस्त्रीच्या कपड्यांसारखी ऊब, आणि मशीन बिनतक्रार चालू.

कव्हराची चेन मात्र अगदी शेवटपर्यंत ओढलेली होती.